शंभरातले नऊ

मालनआक्कानं हातोडी उचलली आणि डोळे मिटून घेतले.

"आक्का, डोळे उघडे ठेवायचे आहेत," मी म्हणालो. "ही बघण्याची टेस्ट आहे."

"तू लिवायचं काम कर," ती म्हणाली. "बघायचं कसं ते माझं मी बघते."

क्लिपबोर्ड हातात आला की माझी भाषा शुद्ध व्हायची आणि मान ताठ. शर्टाच्या खिशाला 'प्रशिक्षणार्थी सुपरवायझर' असा बिल्ला होता. तो सरळ दिसावा म्हणून मी खिशात एकाला एक लावून दोन पेनं ठेवायचो. बिल्ला सोडला तर मी त्याच शॉपमध्ये अकरा वर्षं ग्राइंडर धरणारा सर्जेराव चौगुले होतो, आणि हे आक्काला चांगलं ठाऊक होतं.

टेबलावर शंभर शॅकल मांडले होते. शॅकल म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वरच्या सांगाड्याला धरून ठेवणारा, वीतभर लांबीचा बिडाचा पीस. कागलकडच्या एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत हाच माल सगळ्यात जास्त निघायचा. ओतताना कधी कधी त्यात केसाएवढी चीर राहते. ती वरून दिसेलच असं नाही. असा पीस भरल्या गाडीखाली तुटला तर गाडी रस्ता सोडते. म्हणून शेवटच्या टेबलावर तीन बायका एकेक पीस तपासायला बसायच्या. त्यांतली सगळ्यात जुनी मालन मोरबाळे, आमची मालनआक्का. एकोणीस वर्षं ती त्या टेबलावर होती, आणि एकोणीस वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर.

ती पीस उचलायची, दोन बोटांवर तोलायची आणि छोट्या हातोडीनं एक टोला द्यायची. चांगला पीस टणकन वाजतो आणि आवाज थोडा वेळ हवेत राहतो. चीर असली की आवाज जागच्या जागी मरतो. "माठ घेताना वाजवून घेताय न्हवं? तसंच हाय," असं ती नव्या पोरींना सांगायची. पोरी मान हलवायच्या आणि परत भिंग हातात घ्यायच्या. मला तर तो फरक आजही धड कळत नाही, आणि आज मी सुपरवायझर लोकांना क्वालिटी शिकवतो.

त्या शंभरात मी चिरेचे दहा पीस मिसळले होते. ओळख म्हणून प्रत्येकाच्या पोटाकडच्या बाजूला पंचनं एक बारीक ठिपका मारला होता. तपासणारीनं दहाच्या दहा काढून लाल बिनमध्ये टाकले तर ती पास. एक जरी सुटला तर नापास. जी पास होईल तिचं नाव कायम करायच्या यादीत जाणार, असं आमच्या प्लँट मॅनेजरनी, हुक्केरी साहेबांनी, नोटीस बोर्डावर सहीनिशी लावलं होतं. बाकीच्या दोघींची टेस्ट आदल्या दिवशी, गुरुवारी झाली. दोघींनी भिंगाखाली फिरवून फिरवून दहा काढले आणि पास झाल्या. आक्का नापास होईल असं शॉपमध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

सव्वा तास ती वाजवत होती. टण, टण, टण, आणि मध्येच एक मेलेला टोला. तो पीस ती न बघता डावीकडे लाल बिनमध्ये सोडायची. शेवटचा पीस ठेवून तिनं डोळे उघडले.

"झालं. नऊ."

"दहा आहेत आक्का."

"नऊच हायीत."

"परत एकदा बघा. घाई नाही."

"परत कशाला? एकेक हाताखालनं घातलाय. नऊ मेलेत, एक्क्याण्णव जित्ते हायीत." ती माझ्याकडं बघून हसली. "तुझंच काय तरी चुकलं असंल, सर्जा. तू शाळंत गणितात कसा हुतास?"

बाकीच्या दोघी हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात मागून हुक्केरी साहेब आले. त्या महिन्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून दोन तक्रारी आल्या होत्या आणि साहेबांना वर पाठवायला कारण हवं होतं. त्यांनी पेनाच्या टोकानं लाल बिनमधले पीस मोजले.

"किती घातले होते, चौगुले?"

"दहा, सर."

"म्हणजे एक सुटला." हे ते अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असं बोलले. "आणि एकोणीस वर्षं आपण ह्यांच्या भरवशावर माल पाठवतोय."

"साहेब, नऊच हुते," आक्का म्हणाली.

"कागदावर दहा आहेत, बाई."

त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं की सर, ओकेचे एक्क्याण्णव पीस उलटे करून ठिपका शोधू या, पाच मिनिटांचं काम आहे. ते माझ्या ओठावर आलंही होतं. पण साहेबांचं बोलणं मध्येच तोडायची आमच्याकडं पद्धत नव्हती, आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत ट्रॉलीवाला येऊन उभा राहिला होता.

"हा सगळा ट्रे भट्टीत टाक," साहेब म्हणाले. "ह्यात एक खराब आहे. शंकेचा माल मला शॉपमध्ये नको."

"चांगला माल हाय त्यो, साहेब. जाळू नका."

"चांगला कुठला ते आता तुम्ही सांगू नका."

आक्कानं पदरानं हातोडी पुसली आणि टेबलावर आडवी ठेवली. ट्रॉलीची चाकं भट्टीकडं खडखडत गेली, तिकडं ती बघतसुद्धा नव्हती. मी कागदावर लिहिलं: घातले दहा, काढले नऊ, सुटले एक. पुढच्या चौकटीत निकाल लिहायचा होता, तोही लिहिला.

ही टेस्ट म्हणजे माझं प्रोजेक्ट होतं. पुण्याहून परचुरे सर सहा शुक्रवार आमच्या कँटीनमध्ये येऊन शिकवत होते. आम्ही अकरा जण शिकायला आणि जागा एक. परचुरे सर काटक्या अंगाचे, कुठल्याशा मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. खडूनं लिहायचे आणि लिहून झालं की बोटं रुमालाला पुसायचे. त्यांचा सगळा भर एका गोष्टीवर होता. काही बिघडलं की माणसाच्या मागं लागू नका, 'का' विचारा, आणि उत्तर आलं की त्या उत्तरालाही 'का' विचारा, असं पाच वेळा. आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्याची टिंगल करायचो. आमटी पातळ का? डाळ कमी का? कँटीनचा ठेकेदार असा का? पाचव्या 'का'ला कुणीतरी ठेकेदाराच्या सासऱ्यापर्यंत पोचायचं.

टिंगल केली तरी ती जागा मला हवी होती, अगदी जिवापाड. अकरा वर्षं ग्राइंडर धरून माझी बोटं रोज सकाळी सुन्न असायची. शर्टाची गुंडी बायको लावून द्यायची. हे मी कुणाला सांगत नव्हतो. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, साहेबांसमोर प्रोजेक्ट मांडायचं होतं आणि तिथंच निवड होणार होती.

साडेपाचला मी तक्ते गुंडाळून ठेवायला कँटीनमध्ये गेलो. कपाट उघडलं. तक्त्यांची गुंडाळी, मार्करचा डबा, आणि डब्याशेजारी एक शॅकल.

मी तो हातात घेऊन उलटा केला. पोटाकडं ठिपका होता.

मग सकाळ आठवली. त्या दिवशी सकाळी वर्गात सर म्हणाले होते, चीर कशी असते ती सगळ्यांना दाखवा. मी माझ्या दहातला एक पीस आणला. तो अकरा जणांच्या हातातून फिरला, सरांनी परत माझ्याकडं दिला, तेवढ्यात चहा आला आणि मी तो कपाटात ठेवला. दुपारी आक्कासाठी लॉट भरताना नव्याण्णवच भरले. कुठला तरी मोजायचा राहिला असेल म्हणून मी चांगल्या ढिगातला एक उचलून शंभर पुरे केले. शंभर भरले का ते मी मोजलं होतं. त्यात खराब दहा आहेत का, ते मोजलं नव्हतं.

आक्काचं बरोबर होतं. नऊच होते.

मी पीस तसाच हातात धरून खिडकीशी गेलो. चारची भट्टी कधीच लागून गेली होती. ते एक्क्याण्णव पीस एव्हाना पाणी झालेले. खाली गेटाशी ठेकेदाराचा टेम्पो उभा होता आणि आक्का मागच्या फळीवर, डबा मांडीवर घेऊन बसली होती. टेम्पो अजून सुरूही झाला नव्हता. ड्रायव्हर तंबाखू मळत होता. खिडकीतून हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती.

मी मनात म्हणालो, उद्या प्रोजेक्ट होऊ दे, मग सांगू. टेस्ट रद्द झाली तर माझ्याकडं मांडायला काहीच उरत नव्हतं. एका दिवसानं तिचं काय बिघडतंय? सोमवारी तिची परत टेस्ट घेऊ, दहा काढेल, सगळं सुरळीत होईल. हे सगळं मला त्या वेळी अगदी पटलं होतं. ड्रायव्हरनं तंबाखू दाढेला धरली आणि टेम्पो गेला. पीस मी डब्याच्या पिशवीत टाकला.

शनिवारी कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढं हुक्केरी साहेब, त्यांच्या शेजारी परचुरे सर. माझा नंबर सातवा. मी तक्ता लावला आणि पाठ केलेलं बोलत गेलो. तीन तपासनीस, दोघींची क्षमता शंभर टक्के, एकीची नव्वद. तक्रारींचं मूळ तिथं असू शकतं. उपाय म्हणून ठरलेल्या पद्धतीनं, भिंगाखाली तपासणी, आणि जे त्यात बसत नाहीत त्यांना दुसरं काम. साहेबांची मान हलत होती. त्यांना जे हवं होतं ते मी ताटात वाढून दिलं होतं.

"चांगलं मांडलंत," परचुरे सर म्हणाले. "तो एक का सुटला?"

"नजर कमी झाली असावी, सर. वय त्रेपन्न आहे."

"पण त्या बाई बघत नाहीत, ऐकतात, असं तुम्हीच मला सांगितलं होतं."

"हो सर. म्हणजे कानही... वयानं."

"मग बाकीचे नऊ कसे ऐकू आले?"

मागं कुणीतरी खाकरलं. मी म्हणालो, "ती चीर फार बारीक असेल, सर."

"असेल? तुम्ही बघितली नाही? कुठला पीस सुटला ते काढून बघितलं असेल ना."

"ट्रे भट्टीत गेला, सर."

सरांनी साहेबांकडं बघितलं. साहेब घड्याळाकडं बघत होते. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत लावला.

"चौगुले, काल सकाळी वर्गात आपण एक चिरेचा पीस फिरवला होता. तो ह्या दहातला होता का?"

माझ्या पायाशी डब्याची पिशवी होती आणि पिशवीत तो पीस होता. दहा जण माझ्याकडं बघत होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाला माझी जागा हवी होती.

"नाही सर," मी म्हणालो. "तो वेगळा होता."

"नक्की?"

"नक्की, सर. टेस्टच्या आधी दहाही मी दोनदा मोजले होते."

"ठीक आहे" म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढं काही विचारलं नाही. ह्याचा मला आजही त्यांच्यावर राग आहे. आणखी एकदा विचारलं असतं तर मी तिथंच फुटलो असतो. पण त्यांची पुण्याची गाडी तीनची होती, आणि माझं पाप त्यांच्या गळ्यात घालायचा मला काही अधिकार नाही, हेही कळतं.

अडीच वाजता साहेबांनी माझं नाव वाचलं. टाळ्या झाल्या, हातात गुलाबाचं फूल आलं. मी तसाच भट्टीवर गेलो. चार्जिंगची बादली भरून उभी होती. पिशवीतला पीस काढून मी बादलीत टाकला आणि ती भट्टीत उपडी होईपर्यंत तिथंच थांबलो. भट्टीवाल्यानं फुलाकडं बघून विचारलं, "झालास काय साहेब?" मी हो म्हणालो.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आक्का उभी होती. तिचा टेम्पो निघून गेला होता. माझ्यासाठी थांबली होती, ते लांबूनच कळलं.

"सर्जा, साहेबाचं जाऊ दे," ती म्हणाली. "यादीचं बी जाऊ दे. मला एवढंच सांग. माल तू भरलास. तुझ्या हातानं भरलास. दहा हुते?"

रात्रभर ती ह्यावरच विचार करत असणार. डोळे तांबडे झाले होते. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी काही मागितलं नव्हतं, आणि आताही मागत नव्हती. फक्त विचारत होती. हो किंवा नाही म्हटलं की झालं.

"दहा होते, आक्का."

"मोजले हुतेस?"

"दोनदा."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. "मला एक्क्याण्णव जित्ते ऐकू आले रं," ती म्हणाली. "शपथ सांगते, एक्क्याण्णव."

मी खिशातली पेनं सरळ केली.

"म्हंजे कान गेला म्हणायचा." हे ती स्वतःशीच बोलली. मग तिनं माझं मनगट धरलं. "बरं झालं बाबा तू धरलंस. न्हाई तर कवा कळलं असतं मला? कुणाचा तरी जीव गेल्यावर?"

तिनं शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या द्यायला ती काही कमी नव्हती. एका फिटरला तिनं एकदा गेटापर्यंत शिव्या घालत पोचवलं होतं. मला तिनं आभार मानून सोडलं आणि वर म्हणाली, "सुपरवायझर झालास न्हवं? चांगलं झालं. आता डोळ्यात तेल घालून बघ."

सोमवारी परत टेस्ट घ्यायचं मी मनात ठरवलं होतं. पण सोमवारी आक्काच साहेबांकडं गेली आणि म्हणाली, मला त्या टेबलावर बसवू नका. साहेबांचं काम आपोआप झालं. तिला कोअर शॉपला, वाळूकामावर पाठवलं. दोघी कायम झाल्या. यादीतल्या तिसऱ्या जागी कुणीच नव्हतं.

त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. हाताला कोपरापर्यंत वाळू.

"सर्जा, घाटात ट्रक उलटला म्हणं. दोघं गेली. कुठल्या कंपनीचा हुता?"

"आपला माल त्या गाडीला जात नाही, आक्का."

"नक्की?"

"नक्की."

तिला वाचता येत नव्हतं. चहाच्या टपरीवर ती कुणाकडून तरी पेपर वाचून घ्यायची, फक्त अपघातांच्या बातम्या. पुढं पुढं ती जुन्या बातम्या विचारायला लागली. "चार वर्सामागं लग्नाचा ट्रक पडला हुता बग, बाया-पोरं हुती. तवा मी टेबलावरच हुते." मी नाही म्हणायचो. न बघताच नाही म्हणायचो. तिला ते कळत असावं, कारण ती तिसऱ्यांदा विचारायची नाही, नुसती उभी राहायची आणि मग जायची. जानेवारीत तिनं काम सोडलं. ठेकेदारानं नाव खोडलं आणि तिच्या जागी दुसरी बाई आली.

सहा महिने मी प्रोबेशनवर होतो. एप्रिलमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं. ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं, पेढे घेतले आणि सरळ तिच्या गावाला गेलो. आता मला कुणी काढू शकत नव्हतं. धाडस आलं ते असं, पत्र खिशात आल्यावर. ह्यात माझी काय लायकी दिसते ते मला सांगायला नको.

ती सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. वाळली होती. मला बघून उठायला लागली, मी बसा म्हणालो. सुनेनं पाणी आणून दिलं.

"कायम झालो, आक्का."

"झालास? लई चांगलं झालं!" तिनं पेढा घेतला, अर्धा सुनेच्या हातावर ठेवला. "ह्योच त्यो सर्जा. सांगत हुते न्हवं तुला? ह्यानं धरलं मला."

सून माझ्याकडं बघून ओळखीचं हसली. माझं नाव त्या घरात चांगल्या माणसाचं म्हणून घेतलं जात होतं.

"आक्का, मी वेगळ्याच कामाला आलोय," मी म्हणालो. एकदा सुरू केल्यावर मी थांबलो नाही. "त्या दिवशी नऊच होते. दहावा पीस माझ्याजवळ होता, कँटीनच्या कपाटात राहिला होता. मला त्याच संध्याकाळी कळलं. मी सांगितलं नाही. तुम्ही एकही सोडला नव्हता. तुमचा कान बरोबर होता."

ती तांदळातला हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता सूप अंगावर येईल. यायला हवं होतं.

ती हसली. लहान पोराकडं बघून हसावं तशी हसली.

"चहा ठेव गं," ती सुनेला म्हणाली. आणि मला, "खोटं बोलायला लागलास व्हय, माझ्यासाठी?"

"खोटं नाही आक्का. देवाशपथ."

"शपथ घालू नगंस. आज चांगला दिवस हाय तुझा."

"अहो, मी तो हातात धरला होता. ठिपका होता त्याच्यावर."

"मग दाव की."

"भट्टीत टाकला."

"बग." तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "मनानं चांगला हाईस. म्हातारी झुरायला लागलीया, म्हणून आलास. पर ते तुझ्या तोंडानं तूच मला सांगितलं हुतंस, दोनदा मोजले म्हणून. तवा तुला खोटं बोलायचं काय कारण हुतं?"

मला कारण सांगता आलं असतं. मी सांगितलंही. जागा एकच होती, बोटं सुन्न पडायची, सगळं सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती, आजारी माणसाची बडबड ऐकावी तशी. मी म्हणालो, कारखान्यात चला, मी शंभर पीस मांडतो, तुम्ही वाजवा, तुम्हालाच कळेल.

तिच्या तोंडावरचं हसू गेलं. "नगं," ती म्हणाली. "आता मला कशातबी चीरच ऐकू येतीया."

"परवा माठ आणायला गेलो," सून चहा देत हळूच म्हणाली. "आत्यांनी हात लावला न्हाई. शेजारच्या काकूंनी वाजवून दिला."

आक्कानं ते ऐकलं नाही, किंवा न ऐकल्यासारखं केलं. तिनं सूप बाजूला सारलं आणि पुढं सरकून बसली. आवाज खाली आणला, सुनेला कळू नये असा.

"एवढंच वाटत असंल तर माझं एक काम कर, सर्जा. तू आता कायमचा झालास, हापिसात जातोस. जुनी बुकं असतील न्हवं तिथं? कुठला माल कुठल्या गाडीला गेला त्याची?"

"असतील."

"एकोणीस वर्सांची बघ. माझ्या हाताखालनं गेलेला माल कुठं कुठं गेला, आनि त्यातलं कोण पडलं. पडलं असंल तर लपवू नगंस. गाव सांग नुसतं. मी जाऊन येते."

चहावर साय धरायला लागली होती. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि तिनं माझ्यावर पूर्ण विश्वास टाकला होता.

"बघतो, आक्का," मी म्हणालो.